बिअर कंपनीशी माझा लढा

४ मार्च
बिअरचे भाव पुन्हा वाढले. फोन नाही, काही नाही. गाडीवाल्याने पेट्या उतरवल्या आणि जाता जाता सांगून टाकलं. ठरवलं, आता बस्स. उद्यापासून या कंपनीचा माल बंद. बारचा मालक मी आहे. हे गल्ल्यावर बसलेल्या बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. ही म्हणाली, मला नका सांगू, त्यांना सांगा.

५ मार्च, दुपार
दुसऱ्या कंपनीला फोन केला. माणूस लगेच आला. तोच! पहिल्या कंपनीचा गोडबोल्या सेल्समन. दोन्ही कंपन्या आता एकच आहेत म्हणे. मी तिसरीचं नाव काढलं तर त्याने खिशातून तिचंही कार्ड काढलं. माझे हात गार पडले. फ्रीजजवळ उभा होतो म्हणून.

८ मार्च
नवा डाव. धाकटा मेहुणा मागच्या गल्लीत शेडमध्ये स्वतः बिअर बनवतो. चव झकास. पण कंपनीच्या धाकाने एकही बार ती ठेवत नाही. भित्रे लेकाचे. मी शब्द दिला, निम्मा फ्रीज तुझा. हिचे डोळे भरून आले. त्या शेडपायी त्याने चांगली नोकरी सोडली आहे.

९ मार्च
मेहुण्याच्या बाटल्या लावल्या. संध्याकाळी गोडबोल्या आला. फ्रीजकडे बघून नुसता हसला. म्हणाला, फ्रीज कंपनीचा, बिअरचा नळ कंपनीचा, टेबलं-खुर्च्याही कंपनीच्याच, नाही का? मग हिची तब्येत विचारली. हिची तब्येत कशाला विचारली?

१० मार्च
मेहुण्याच्या बाटल्या जिन्याखाली, पोत्याआड. माघार नव्हे, डावपेच. खपतात का, असं त्याने विचारलं. हातोहात, म्हणालो.  

१४ मार्च
आज कंपनीला हादरवलं. गोडबोल्याला बजावलं की मेहुण्याची बिअर प्याल तर स्वतःची मोरीत ओताल. जिन्याखालची बाटली आणून पाजलीसुद्धा. त्याचा चेहराच उतरला. शेडचा पत्ता मागितला. जरब बसावी म्हणून दिला. रिकाम्या बाटल्या कोणत्या कारखान्यातून येतात, तेही सांगितलं.

२० मार्च
त्या कारखान्याने मेहुण्याला बाटल्या देणं बंद केलं. सगळा माल कंपनीने आधीच उचलला म्हणे. योगायोग. कारखान्याचं नाव कंपनीला कोणी सांगितलं, असं ही विचारत होती. मी पंखा पुसायला घेतला. जेवण गेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही, मला भीती वाटते. गोडबोल्याची कमी, हिला कळेल याची जास्त.

२ एप्रिल
मेहुण्याने शेड विकली. कंपनीलाच. वर त्यांनी त्याला नोकरीही दिली. एकंदरीत बरंच झालं, पगार तरी वेळेवर मिळेल. मीच मार्ग मोकळा केला म्हणायचं. हिला हे पटवायचं आहे, पण ही माझ्याशी बोलत नाही. बहुतेक कळलंय.

११ एप्रिल
भाव पुन्हा वाढले. या खेपेला सांगायला गाडीवाला नव्हता, नवा माणूस होता. दारात कंपनीचा शर्ट दिसला आणि मी ताडकन उठलो. या साहेब, या, म्हणालो. रुमालाने खुर्ची पुसली. तो खाली बघत म्हणाला, भाऊजी, मी आहे. ही गल्ल्यावरून बघत होती. मेहुणा खुर्चीत बसला. मी उभाच राहिलो.