नको ते वगळून

३ जून
आज ताईच्या घरी राहायला आलो. माडीवरची खोली मिळाली. बाहेरून जिना, रस्त्यावर उघडणारी खिडकी. ताईने काच स्वतः पुसून ठेवली होती. दाजी म्हणाले, कलाकार घरात आला, आता आम्हीही उजेडात येऊ! सगळे हसलो. माझा जम बसेपर्यंत इथे राहायचे ठरले आहे. नववीत शाळा सुटली आणि दुसरीकडे कुठे थारा नाही, तेव्हा जम बसायलाच हवा.

कामही मनासारखे आहे, एका चित्रकार मास्तरांच्या हाताखाली. ते लोकांच्या जुन्या, देखण्या घरांची जलरंगात चित्रे काढून देतात. मी पेन्सिलने रेखाटायचे आणि रंगाचा पहिला हात द्यायचा. पांढरा रंग ते वापरू देत नाहीत. पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा.

६ जून
पहिले घर. कोरीव कठडा, हिरवी दारे, कौलांवर शेवाळ. मी विजेच्या तारा, भिंतीवरची चीर, गळका पाइप, सगळे जसेच्या तसे काढले. मास्तर म्हणाले, पंचनामा करायला आलास की चित्र काढायला? गिऱ्हाइकाला नको ते वगळायचे. त्यांनी पाइप ओला असतानाच स्पंजने टिपून घेतला.

८ जून
चित्र पोचवायला गेलो. घराच्या खऱ्या भिंतीवर पाइप नव्हता. खिळ्यांची भोकेही नव्हती. घरमालक म्हणाले, बरे झाले, पीडा गेली.

१२ जून
दुसरे घर. व्हरांड्यात आरामखुर्चीवर एक आजोबा बसतात. त्यांनी बजावले, नाक तेवढे नीट काढ, बाकी मी असातसाच आहे. तेवढ्यात त्यांच्या सुनेने मला आत बोलावले. म्हणाली, ती खुर्ची नको, घर मेलं दवाखान्यासारखं दिसतं. मी खुर्चीच्या जागी कुंडी काढली.

१४ जून
व्हरांड्यात कुंडी आहे. सुनेला विचारले, आजोबा कुठे आहेत? ती ओठ दाबून म्हणाली, कोण आजोबा? तिचा नवरा तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे न बघता कुंडीला पाणी घातले.

१८ जून
मास्तरांकडे रीघ लागली आहे. त्या सुनेनेच मैत्रिणींना पाठवले. घराच्या देखणेपणाबद्दल कोणी बोलत नाही. कुणाला जाऊबाई नको, कुणाला जुना भाडेकरू. मी म्हणालो, मास्तर, हे पाप आहे. ते म्हणाले, आपण कुणाला मारतो का? आपण कागद कोरा सोडतो.

१९ जून
डाग पुसायचा आहे असे खोटे सांगून सुनेकडून चित्र मागून आणले. कुंडीवरच आजोबा रंगवले. पण खालचा रंग वाळलेला. नुसता चिखल झाला. नाक जमले नाही.

२० जून
व्हरांड्यात काहीतरी बसले आहे. तपकिरी. कडेने ओघळणारे. छातीतून कुंडी वर आलेली. तोंड माझ्याकडे होते, म्हणजे तोंडाची जागा. सून आतून ओरडत होती, पुसून टाक, पुसून टाक.

पुसले.

२३ जून
दाजी मास्तरांना भेटून गेले. आपल्या घराचे चित्र हवे म्हणे. माडी नको, घर बैठेच शोभते. ताईला सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, त्यांची हौस आहे रे, होऊ दे. माझा सदरा तिने बाजूला ठेवला. घडी न घालता.

२४ जून
मास्तरांना नाही म्हणालो. ते म्हणाले, बरं, मीच काढतो. ताईला पुन्हा विचारले, मी कुठे जाऊ? ती म्हणाली, तू फार विचार करतोस.

२५ जून
मास्तर समोरच्या फुटपाथवर बसले आहेत. रेखाटन झाले. आता कागद भिजवत आहेत.
खाली जायला दार उघडले. जिना नाही. पायरीही नाही —
खिडकीतून हाका मारतो आहे. मास्तर मान वर करत नाहीत. मोठा ब्रश, निळा रंग. आधी आकाश, नेहमीसारखे —
छप्पर गेले. भिंत ओली, हात लावला तर बोटे निळी, बोटांच्या पलीकडचे दिसते —
ताई बाहेर आली. मास्तरांच्या शेजारी उभी आहे. ताई म्हणून ओरडलो. तिने वर पाहिले. थेट माझ्याकडे. मग मास्तरांना म्हणाली, आकाश किती मोकळं