साधेपणाचे तीन महिने आणि एक पांढरी साडी

१० जुलै, आषाढ पौर्णिमा. सकाळी ६.१०
आजपासून वर्षावास. भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहायचं असतं. मी सिडकोतल्या दोन खोल्यांत तसाही एकाच जागी राहतो, त्यामुळे अर्धं काम झालेलंच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी तीन संकल्प : साधी राहणी, सम्यक वाचा, दान. यातून सुख मिळतं, असं सगळेच म्हणतात. आश्विन पौर्णिमेला विहारात अनुभवकथन असतं. तिथे बोलायला मुद्दे हवेत म्हणून ही वही. दुसऱ्या कुणी वाचायची नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
साध्या राहणीचं सामान ऑनलाइन मागवलं. खादीचे दोन कुर्ते, ध्यानाची उशी, तांब्याची बाटली, बांबूचा टूथब्रश. बायको, म्हणजे संजना, म्हणाली की घरात चार ब्रश न फोडलेले पडलेत. तिला साधेपणा समजावून सांगायला पाऊण तास लागला. ती मधेच भाजी टाकायला उठली.

१४ जुलै
सम्यक वाचा सुरू. बोलण्याआधी मनाला विचारायचं : खरं आहे का, उपयोगी आहे का, वेळ योग्य आहे का. कंपनीत यादवसाहेबांना सांगितलं की कलपामुळे तुमचे केस दोन रंगांचे दिसतात. खरं होतं. उपयोगी होतं. वेळ सकाळच्या मीटिंगची, म्हणजे सगळे जागे होते. साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं. माझा त्यांच्यावर परिणाम होतोय.

१६ जुलै
स्टोअरमधून भंगार यार्डात बदली. पत्र्याचं छप्पर, एक खुर्ची, पंखा नाही. साध्या राहणीला अंबडच्या कंपनीतून इतकी मदत मिळेल असं वाटलं नव्हतं. झोप लागली नाही, पण ती आनंदाने.

२६ जुलै, शनिवार
दान. विहारात दीपमालाताई जुने कपडे गोळा करतात आणि दिंडोरीकडे द्राक्षबागांवर आलेल्या मजुरांना पाठवतात. संजना सकाळच्या शाळेत शिकवायला गेल्यावर कपाट उघडलं. आधी माझा भाग. एकोणीस शर्ट. प्रत्येकाशी काही ना काही आठवण जोडलेली, म्हणून सगळे परत ठेवले. मग संजनाचा भाग उघडला. तिथे मला अजिबात आसक्ती जाणवली नाही. तीन साड्या, एक स्वेटर आणि अगदी खालच्या पिशवीत डांबरगोळ्यांत ठेवलेली जुनी पांढरी साडी, बारीक सोनेरी काठाची. पौर्णिमेला विहारात नेसायला तिच्याकडे अशा पाच पांढऱ्या आहेत. एक गेली तर काय बिघडतं?
सगळं ताईंच्या पेटीत ठेवून आलो. छाती हलकी. पायांना मात्र चैन नाही. गॅलरीत चाळीस फेऱ्या.

२७ जुलै, रविवार
संजना विहारातून उशिरा आली. दर रविवारी दुपारी तिथे तिचं कसलं तरी काम असतं, काय ते विचारायचं राहून जातं. आल्यापासून गप्प आहे. माझ्यामुळे घरात शांतता पसरतेय.

९ ऑगस्ट, श्रावण पौर्णिमा
आमची लेक पायल पुण्याहून आली. तिचं लग्न सोळा नोव्हेंबरला. जेवताना म्हणाली, नवी साडी घ्यायची नाही, आई तिच्या लग्नात नेसली होती तीच पांढरी मी नेसणार. मी म्हटलं, शाबास, हा साधेपणा माझ्याकडून आला. कुठली ती, असंही सहज विचारलं. बारीक सोनेरी काठाची, कपाटात खालच्या पिशवीतली, असं ती म्हणाली.
मला ठसका लागला. पायलने पाठीवर थोपटलं. पुढच्या वेळी, आश्विन पौर्णिमेला आले की नेसून बघते, म्हणाली. संजनाने माझ्याकडे बघत विचारलं की ती पिशवी तुम्ही हलवली होती का.
खरं होतं. उपयोगी नव्हतं. वेळ तर मुळीच योग्य नव्हती.
मौन घेतलं. तीन दिवसांचं.

१२ ऑगस्ट
मौन सुटलं. संजनाने दुतियम्पि, वंदनेतल्यासारखं दुसऱ्यांदा, विचारलं.
मौन वाढवलं. आत फार खोल जातोय. गॅलरीत एकशे दहा फेऱ्या.

१७ ऑगस्ट
दीपमालाताईंकडून मजुरांच्या वस्तीचा पत्ता घेतला. दानाची अशी चौकशी करणारा तुम्ही पहिलाच, असं त्या म्हणाल्या. साडीचं नाव काढलं नाही. सम्यक वाचेत जरुरीपेक्षा जास्त बोलायचं नसतं. घरी चिठ्ठी ठेवली की ध्यानाला जातो. ध्यान काय, स्कूटरवरही करता येतं.
दिंडोरीच्या पुढच्या बागेत नवसाबाई भेटली. पेठकडची, पन्नाशीची, हातात फवारणीची नळी. पांढऱ्या साडीचं विचारलं. ती म्हणाली, दादा, पांढऱ्या लय येत्यात, तुमच्याकडं दुसरा रंग नेसत नाय का कोनी? धडक्या आमी नेसतो. फाटक्या चिंध्यांच्या गठ्ठ्यात येत्यात, त्या औषध गाळायला. आणि तिने ड्रमाकडे बोट दाखवलं. ड्रमाच्या तोंडावर एक फडकं बांधलेलं, मोरचुदाच्या पाण्याने निळं झालेलं. एका कडेला बारीक सोनेरी काठ.
निळा रंग तरी आपलाच, असं मनाशी म्हटलं. बरं वाटलं नाही.
आमच्या लग्नात, सायखेड्याच्या मांडवात, ती साडी नेसून संजना उभी होती. वंदना म्हणताना तिचा आवाज कापत होता. पदर मांडवाच्या खिळ्याला अडकून फाटला, तर बसल्याजागी तिने तो हसत शिवला होता. अठ्ठावीस वर्षांत हे मला एकदाही आठवलं नव्हतं. आज ड्रमाजवळ आठवलं. फार वाईट वाटलं. नवसाबाईने पाणी दिलं.

२४ ऑगस्ट
पण हातावर हात ठेवून बसणं हा मार्ग नव्हे. मेन रोडवरून तशीच साडी घेतली. पांढरी, बारीक सोनेरी काठाची. आता फक्त अठ्ठावीस वर्षं जुनी करायची आहे.

२९ ऑगस्ट
यार्डात कुणी फिरकत नाही. साडी सात वेळा धुतली, चहाच्या पाण्यात बुडवली, गंजक्या पत्र्यांच्या आडोशाला वाळत घातली. यादवसाहेब आले, साडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गेले. त्यांचा स्वभाव खूप सुधारलाय.

७ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा
साडी डांबरगोळ्यांसकट पिशवीत ठेवली. संजनाने संध्याकाळी ततियम्पि, तिसऱ्यांदा, विचारलं : पिशवीबद्दल मला काही सांगायचंय का तुम्हाला? आवाज मऊ होता. सांगावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं.
मंद हसलो. हसण्यात खोटं काही नसतं.

२० सप्टेंबर
झोप नाही. मनःशांतीचं ॲप म्हणतं की ताण वाढलाय. ॲप काढून टाकलं, ही साधी राहणी. बांबूचा ब्रश मोडला. गॅलरीत दोनशे फेऱ्या. खालच्या मजल्यावरून निरोप आला की रात्री कोण चालतं ते बघा.

६ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा. सकाळी ७
काल पायल आली. आज साडी नेसून बघणार. संध्याकाळी विहारात माझं दहा मिनिटांचं अनुभवकथन. विषय : तीन महिन्यांत मला सुख कसं सापडलं. मुद्दे काढायला ही वही चाळली. मुद्दे सापडले नाहीत. तोंडीच बोलेन.

७ ऑक्टोबर
काल सकाळी पायल साडी नेसून बाहेर आली. मी लगेच म्हटलं, अगदी तीच, अगदी तश्शीच. मनात म्हटलं, चहाचा रंग काय सुरेख बसलाय. पायलने पदर पुढे धरला आणि विचारलं, ही शिवण कसली?
पदरावर पांढऱ्या दोऱ्याची, दोन बोटं लांब, वाकडी शिवण.
मी काही शिवलं नव्हतं.
संजना आतून दुसरी साडी घेऊन आली. माझी. ती माझ्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं की रविवारी ती विहारात कपडे निवडायला बसते, नेसायचे वेगळे आणि चिंध्या वेगळ्या. सत्तावीस जुलैलाच तिची साडी तिच्या हाताला लागली होती आणि तिने ती घरी आणून ठेवली होती. तीनदा विचारलं मी, म्हणाली. रागावली नव्हती. त्याने जास्त लागलं. साडी दिलीत त्याचं काही नाही, म्हणाली, सांगाल असं वाटलं होतं. मग म्हणाली, ही तुम्ही तुमच्या हाताने आणलीय, ही द्या.
संध्याकाळी विहारात माझं नाव पुकारलं. उठलो. खरं काय ते ठाऊक होतं, उपयोगी होतं, वेळही योग्य होती. नुसती पेटीत साडी ठेवली आणि बसलो. पेटीपाशी संजना होती. तिने साडी उलगडली, उजेडात धरली, दीपमालाताईंना म्हणाली की चहाचे डाग आहेत, नेसवणार नाही, आणि ती औषध गाळायच्या चिंध्यांत टाकली.
घरी येताना जिन्यात तिला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, ऐकू आलं नाही.
पुन्हा म्हटलं. ती पायऱ्या चढत राहिली.
दारापाशी तिसऱ्यांदा म्हटलं. किल्ली फिरवत ती म्हणाली, आता आलं ऐकू. आणि रविवारी दोनला चला माझ्याबरोबर, तुमचे एकोणीस शर्ट निवडायचेत.