गल्लीवार लावलेलं कपाट

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. लग्नानंतर तुम्ही एकदाच दूर राहिलात, नांदेडला ग्रंथालयाच्या वर्गाला, आणि तेव्हाही दर रविवारी लातूरला घरी यायचात. आज लिहितेय, कारण माझ्या हातून तुमचं गाव मोडलंय, आणि ते परत कसं लावायचं हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

सोमवारी तुमच्या ग्रंथालयातलं कोपऱ्यातलं लोखंडी कपाट रिकामं होणार. भूकंपानंतर गावच्या ढिगाऱ्यातून तुम्ही काढलेली पुस्तकं ज्यात ठेवलीत, तेच. पोरांची शाळेची पुस्तकं, पोथ्या, पंचांगं, कुणाच्या गणिताच्या वह्या. दोन वर्षांपूर्वी तुम्ही गेलात, समितीनं मला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. ती यायलाच नको होती.

सातवी पास बाईला तुम्ही काय काय शिकवलंत हो! रविवारी नांदेडहून आलात की हात धुण्याआधी वही उघडायचात. पुस्तकाच्या नोंदीचं कार्ड पाच बाय तीनचं, आडनाव आधी, एवढा समास सोडायचा. एका कार्डावर शाई सांडली म्हणून तुमच्या सरांनी अख्खा गठ्ठा पुन्हा लिहायला लावला होता. मी भाकरी थापत असायची आणि तुम्ही विषयांचे नंबर विचारायचात, "शेती?"

"सहाशे तीस!"

"स्वयंपाक?"

"सहाशे एकेचाळीस!"

"आणि रुसलेली बायको?"

"तिला नंबर न्हाई. तिला साडी लागती."

पुढं तेवढ्या प्रमाणपत्रानं भागेना. पदवी हवी झाली. चाळिशी उलटल्यावर तुम्ही टपालानं फॉर्म भरलात आणि आपल्या पोराच्या वयाच्या मुलांत बसून परीक्षा दिलीत. पदवी हातात आली तोवर कॉम्प्युटर आला. "आम्ही कार्ड शिकलो आन् कार्डंच गेली," म्हणून तुम्ही हसलात. मला ते हसू आवडलं नव्हतं.

त्या कपाटाबद्दल मी एकदा विचारलं होतं. "ह्याला नंबर द्यायचे का?" तुम्ही म्हणालात, "राहू दे. ते लावलेलं हाय." बस्स, एवढंच! पोथीशेजारी भूगोल, भूगोलाशेजारी पंचांग, ह्याला लावणं म्हणतात का? मला वाटलं, गावचं दुःख आहे, हात लावायचं तुमच्यानं होत नसेल. कसं लावलंय ते सांगायला काय झालं होतं? माझं माहेर हदगावचं. तुमच्या गावात मी चार सणांपुरती आले, डोक्यावरचा पदर सांभाळत. मला कोणती गल्ली ठाऊक असणार?

गेल्या महिन्यात तपासणी लागली. नव्या ग्रंथपाल मॅडमही रुजू होणार होत्या. मला दाखवायचं होतं की ह्या बाईलाही काही येतं. तुमची वर्गातली वही समोर ठेवून मी आठ दिवस ते कपाट लावलं. विषयवार! प्रत्येक पुस्तकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, अक्षर सरळ. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "कोर्स न करता एवढं, वहिनी?" खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी तुमच्या फोटोला हार घातला आणि माझ्याच कौतुकाचं बोलत बसले.

गुरुवारी रहीमचाचा आले. गावचे शिंपी, दरसाल यायचे ना तुमच्याकडे, तेच. मी किल्ली दिली. चाचांनी दार उघडलं, सवयीनं खालच्या कप्प्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"भाभी, आमची गल्ली कुठं गेली?"

"कोणती गल्ली, चाचा?"

"दिगंबरभाईनं घरं जशी होती तशी लावली होती की. वर वेशीजवळची, मधी मारुतीपाशीची, खाली आमची. डावीकडून तिसरं माझं घर. तिथं शबानाचं चौथीचं भूगोल."

चौथीच्या भूगोलाची पुस्तकं अकरा निघाली. मीच तर एका ओळीत लावली होती! पुढची पानं फाटलेली, नाव एकावरही नाही. चाचांना वाचता येत नाही. त्यांना आपल्या लेकीची जागा ठाऊक होती, पुस्तक ठाऊक नव्हतं. अकराही उघडून पाहिली, पानांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "राहू दे. ह्यातलं एक तिचंच हाय." आणि गेले. मला एक शिवी तरी द्यायची होती त्यांनी.

तुम्ही पुस्तकांवर पेनानं एक खूणही का केली नाहीत? दुसऱ्याच्या घरच्या वस्तूवर कसं लिहायचं, असंच म्हणाला असतात. माहीत आहे मला. पण आता मी काय करू?

नव्या वैष्णवी मॅडम वाईट नाहीत. एम.लिब. झाल्यात. कार्ड कसं लिहितात हे त्यांना कॉलेजात एका तासात उरकून दाखवलं होतं म्हणे. सगळं कपाट त्यांनी कॉम्प्युटरवर घेतलं. माझे नंबर होतेच, त्यामुळे काम पटकन झालं. कॉम्प्युटरनं लगेच सांगितलं: जुना अभ्यासक्रम, एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती, कुणी वाचायला नेत नाही, बाद. तिथं क्लासच्या मुलांसाठी टेबलं येणार आहेत. किनवटपासूनची पोरं शिकायला आलीत, त्यांना खोलीत बसायला जागा नसते. त्यांचं तरी काय चुकलं?

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, गल्ली असा रकानाच नाही हो सिस्टिममध्ये. आणि आम्हाला शिकवलंय, वाचकाला जे लागतं ते ठेवायचं."

"मग चाचा वाचक न्हाईत का?"

"त्यांना वाचता येत नाही, काकू."

"तरी दरसाल येऊन पुस्तक हातात घेतात. तुमच्या टेबलावरची पोरं आमचं एक तरी घेतात का?"

मॅडमनी माऊस सोडला. मग म्हणाल्या, "सोमवारपर्यंत ज्या पुस्तकाचं घर सांगाल, ते ठेवते. शेऱ्यात घराचं नाव घालते. बाकीचं माझ्या हातात नाही."

आज शनिवार. दीडशेच्या वर पुस्तकं आहेत आणि घर सापडलंय एकतीस पुस्तकांचं. चाचांना फोन करकरून त्यांच्या गल्लीत कुठल्या घरी कोणतं पुस्तक होतं ते उतरवून घेतलं. वरच्या दोन आळ्यांचं कुणी भेटत नाही. 

उद्या पहिल्या एसटीनं पुस्तकांची दोन पोती घेऊन पुनर्वसनाच्या गावी जाणार आहे. देवळापुढं सतरंजी टाकून सगळी मांडते. हळदीच्या डागावरून, पोरानं काढलेल्या चित्रावरून बायका ओळखतील. शिव्या दिल्या तर खाईन.

पण ज्या घरात कुणी उरलंच नाही, त्यांचं पुस्तक कोण ओळखणार? ते तुम्हालाच माहीत होतं.

म्हणून शब्द देते. जे पुस्तक उद्या कुणीच आपलं म्हणणार नाही, त्याला सोमवारी मी मॅडमसमोर आपलं घर सांगणार. "हे माझ्या सासरचं." एकेक उचलून सांगणार, शेवटचं पुस्तक संपेपर्यंत. दोन खणांच्या घरात एवढी पुस्तकं कुठून आली, असं त्या विचारतील. विचारू द्या. सासू-सासरे वाचणारे होते म्हणून सांगेन.

तुमची,
कुसुम