सेनापतींची दाढी

ता. ३

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तू नव्या सेनापतींची दाढी करतोस, हे मला शेजारणीकडून कळावं! चाळीस वर्षं मी फौजेचे कोट शिवतोय, एका अधिकाऱ्यानं कधी नाव विचारलं नाही. तू चार दिवस वस्तरा फिरवलास, तर गल्ली मला 'सेनापतींच्या न्हाव्याचा भाऊ' म्हणते. असो.

माणूस क्रूर आहे म्हणे. आल्याआल्या माघार घेणाऱ्या दहा जणांना गोळ्या घातल्या. त्यानं हरत आलेलं युद्ध फिरतंय होय? कापडच कुजलंय, शिंपी बदलून काय होणार? माझा मुलगा पिछाडीला भटारखान्यात बटाटे सोलतो, तेवढंच बरं. तरी नदीवर हल्ला होणार ऐकलं की सुई बोटात घुसते. तुझं एवढं वजन असेल, तर त्याला घरी आणवून दाखव.

लोभ आहेच, तो उसवू नये.

— दादा

ता. ९

ती. दादास सा. न. वि. वि.

आज साबण लावता लावता शब्द टाकला. सेनापतींनी डोळे उघडले, मुलाचं नाव नि तुकडी विचारली आणि स्वतःच्या हातानं टिपून घेतलं! दारात तिष्ठणारे मेजरसाहेब बघतच राहिले. याच्या हातून काही होणार नाही, असं तू लहानपणी म्हणायचास. आता बोल! वहिनींना म्हणावं, पोराचं अंथरूण झटकून ठेवा. मला मूल नाही. निदान तुझं तरी माझ्यामुळे घरी येईल.

लोभ आहे तसाच, जमल्यास थोडा जास्त असावा.

— धाकटा

ता. १७

चि. धाकट्यास आ.

मुलाचं पत्र आलं. त्याला भटारखान्यातून काढून नदीवर पहिल्या रांगेत घातलंय. सेनापतींचा हुकूमच आहे, ज्याच्यासाठी कुणी रदबदली केली तो सगळ्यांच्या पुढे. मंत्र्याचा भाचा त्याच्या शेजारीच उभा आहे. तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

तुला शिव्या द्यायला बसलो होतो, पण खरं लिहितो. पोरगा हवाच होता. त्याहून जास्त मला हवं होतं की सेनापतींनी तुला झिडकारावं. म्हणून 'आणवून दाखव' असं लिहिलं. आज चार कोटांची काजं भलत्याच बाजूला केली.

लोभाचं काय लिहू.

— दादा

ता. २२

ती. दादास सा. न.

नदी पार झाली. शत्रू पळतोय, आता आपणच जिंकणार म्हणतात. मुलाचं काही कळत नाही. सकाळी सेनापतींनी मान वर केली आणि माझा हात थरथरला. त्यांनी विचारलं, थंडी वाजते का. मी हो म्हणालो.

रागव, पण पत्र पाठव.

— धाकटा

ता. ३०

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पोरगा वाचला. दंडाला गोळी चाटून गेली. चार पानी पत्र आलंय, त्यातली साडेतीन पानं सेनापतींची. ते स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरले, याच्या पाठीवर थाप मारली, असा माणूस आधी मिळता तर युद्ध केव्हाच संपलं असतं, वगैरे. मी त्याला सायकल शिकवताना गुडघे फोडून घेतले, माझ्या पाठीवर त्यानं दोन वर्षं घोडा घोडा केलं. मला मात्र शेवटी एक ओळ, तब्येत सांभाळा.

सुट्टी देत होते, ती घेतली नाही. पुढच्या हल्ल्यात पहिल्या रांगेसाठी आपणहून नाव दिलंय.

तुझा मानपान मी गिळला रे, हे गिळवत नाही. उद्या दाढीला जाशील, तेव्हा या मुलाला बाप आहे, एवढं त्यांच्या कानावर घाल. बाकी काही मागू नकोस.

तुझाच,

— दादा