सपाट वॅगनच्या वरून

प्रिय पूजा,

हे फोनवर सांगता आले असते. पण फोन लावला की आरोही धावत येऊन माझ्या कानाला कान लावते, आणि तिच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही. म्हणून पत्र. आप्पांना म्हातारपणी पत्रे सुचायला लागली म्हणून हसशील. हस थोडी, पुढे हसण्यासारखे नाही.

आधी बरे ते सांगतो. तुझी नागपूरला बदली झाल्यापासून लेक इथे नाशिक रोडला चांगली रमली आहे. पुठ्ठ्याच्या मालगाड्या करायचे माझे खूळ तिने पुरते उचलले आहे. कपाटावर अख्खी गाडी उभी आहे: कोळशाची उघडी वॅगन, धान्याचा बंद डबा, पेट्रोलची गोल टाकी आणि लोखंड वाहायची सपाट वॅगन, जिला भिंतीच नसतात, आणि सर्वांत शेवटी गार्डची ब्रेकव्हॅन. शिकवणीहून येताना आम्ही फाटकाशी थांबतो आणि खरी मालगाडी आली की तिच्यातली कोणती वॅगन आपल्या कपाटावर आहे ते ओळखतो. बाईसाहेब कडक आहेत. माझ्या टाकीला वर चढायची शिडी नव्हती, खरीला असते, म्हणून ती टाकी मला पुन्हा करायला लावली.

आपल्याकडे फाटक बंद असले तरी माणसे दांड्याखालून वाकून जातात, तुला ठाऊकच आहे. शेवटचा डबा सरकला की दांडा वर जायची वाट कोण पाहतो? मीही त्यातलाच. गेल्या गुरुवारी दिवेलागणीला बंद डबे एकामागून एक गेले आणि मला पलीकडच्या टपरीचा दिवा दिसला. शेजारच्या ट्रकने इंजिन चालू केले होते, त्या घरघरीत दुसरे काही ऐकू येत नव्हते. आरोहीचा हात धरून मी वाकून आत शिरलो आणि चालू लागलो. तिने मागून असा हिसका दिला की मी खडीवर बसलोच.

"आप्पा, सपाट वॅगन चालल्यात. ब्रेकव्हॅन यायचीय अजून."

गाडी संपलीच नव्हती. मागे रिकाम्या सपाट वॅगन होत्या आणि मी त्यांच्या वरून दिवा पाहत होतो. चाके माझ्यापासून हातभर अंतरावर फिरत होती आणि मला ती दिसत नव्हती. पूजा, माझी पाचावर धारण बसली. अजून बसलेलीच आहे. डोळे मिटले की तो छोटा हात माझ्या हातात असतो आणि मी त्याला पुढे ओढत असतो.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. खालच्या बाजूची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवायची. हे मी कुणालाच सांगितलेले नाही. पण आरोहीला कळले आहे. आता रस्त्यात ती माझा हात धरते, मला धरू देत नाही. पायरी आली की हळूच "पायरी" म्हणते. काल जेवताना तिने मला बजावले, "आईला सांगू नका हं, ती मला घेऊन जाईल." मी मान डोलावली. तुझी आई गेल्यावर हे घर आरोहीमुळेच बोलते आहे, म्हणून मान लगेच डोलली. रात्रभर मला माझीच भीती वाटली. पूजा, ती रुसेल, रडेल, मीही तिला थांबवायला बघेन. आमचे दोघांचेही ऐकू नकोस. ये आणि तिला घेऊन जा.

तुझाच,
आप्पा