यानवालीची आई

एका वाक्यात मारून टाकलं मालिकावाल्यायनं त्या यानवालीच्या आईले. जुन्या मालिकेत शेवटी तारेच्या कुंपणापाशी उभी ठेवली होती ती म्हातारी, अन् आता नव्या मालिकेत एक साहेब येऊन म्हणतो, तुमच्या आई मागेच गेल्या. झालं. लेक मान हलवते अन् दुसऱ्या यानात बसाले निघते. याडी, मी तुझी लेक. आपल्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत लिहाले मले येत नाही, म्हणून चवथीपर्यंतच्या मराठीत लिहून राह्यली. तुले वाचता कोणतीच येत नव्हती, तवा काही बिघडत नाही.

ती आकाशातली मालिका तुले आठवत असंन. तांड्याच्या नायकाच्या ओसरीवर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा टीव्ही, अन् अख्खा तांडा खाली बसलेला. हिंदी तुले कळत नव्हती, पण शेवटच्या भागात ती पोरगी यानात चढते अन् तिची आई कुंपणाची तार धरून उभी राहते, तवा तू ओढणी तोंडावर घेतली अन् भर बैठकीत ढावलो धरला. लेक सासरी निघाली की आपण रडतो, तसा, सूर लावून. माणसं हासून राह्यली. नायक म्हणाला, अवो, ते काचेतलं हाये, खोटं. तू ओढणीतूनच म्हणाली, "लेक चालली ना? मंग." मालिका तिथंच बंद पडली. यान कुठं गेलं कोणी दाखवलं नाही, अन् मी माहेरी आली की तू मलेच विचारत होती, आली काय थे पोरगी.

आता आली. नट्टी तीच, केस पांढरे. अन् तिच्यापायी नातीच्या मोबाईलवर तिचे चाहते दिवसभर भांडून राह्यले. एक म्हणते, जुनं यान हंड्यासारखं गोल होतं, हे काळं कायले केलं. दुसरा म्हणते, तिले परत आणलीच काहून, हरवलेलीच बरी होती. बाकीचे म्हणतात जमाना बदलला, रडकी बाई आता कोणी पाहत नाही. नात त्यायच्याच बाजूची. मले म्हणे, तूही बोल आजी, मी टाकते. मी म्हटलं, त्या आईले एक भाग तरी द्यायचा होता. तर कोण्या पोट्ट्यानं लिहिलं, आजी, ही विज्ञानातली गोष्ट हाये, सासूसुनेची नाही. मी म्हटलं, त्याले विचार, तू काय मिक्सरमधून निघाला? ते काही नातीनं टाकलं नाही. उलट माझा गालगुच्चा घेऊन म्हणाली, "आजी, पाह्य ना, ती अगदी तुझ्यासारखीच हाये. आई गेली म्हटलं तरी डोळ्यात पाणी नाही."

तिनं कौतुकानंच म्हटलं. मी उठून भाजी चिरत बसली.

मी ढाणकीकडून आर्णीची गाडी पकडून माहेरी येत होती, तवा तू पिठाच्या हातानंच माझ्या गळ्यात पडत होती. एक ओळ तू रडायची, दुसरी मी. किती दिवसांनी आली, कशी वाळली, कोण मेलं, सारं त्या रडण्यातच सांगून व्हायचं. माझ्या मानेवर पीठ लागलेलं राहायचं. मंग तू नाक पुसून म्हणायची, "झालं रडून, आता चहा मांड. बसली काय पाहुणीवानी." आपल्यात एकटीनं रडत नाहीत. तू गेली तवा मी पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं. चुलत्या, भावजया गळ्यात पडाले आल्या. मी म्हटलं, सोडा, भाकरी टाकायच्या हायेत. तवापासून मी दगड. पण पहिली ओळ तर तुझी राहत होती, याडी. तू नाही म्हटल्यावर मी कोणत्या ओळीले रडू?

काल दुपारी नात कॉलेजात गेली, तवा मी तो भाग एकटीनं पुन्हा लावला. यानवाली शिडीवरून उतरली, साहेबानं ते वाक्य म्हटलं, अन् तिनं मान हलवाच्या आधी मी बोट ठेवून पडदा थांबवला. पदर तोंडावर घेतला अन् पहिली ओळ मीच धरली. आवाज पार फाटला आता. नातीनं ऐकलं असतं तर यानवालीसाठी रडून राह्यली म्हटलं असतं. तिच्यासाठी नव्हती ती ओळ. एक ओळ झाली अन् मी थांबली, कारण पुढची माझी नाही.

हा कागद नातीनं पाह्यला. म्हणे, फोटो काढून ग्रुपवर टाकू, साऱ्यायचं तोंड बंद होईल. मी तो पिठाच्या डब्याखाली सारला. तिथल्या कोणी उत्तर देऊ नये, नातीनंही नाही. ओळ तुझी हाये, याडी. तूच दे.