मनीषाची धर्ममाता

९ फेब्रु., रविवार
चर्चमध्ये मिस्सेनंतर दृढीकरणाच्या संस्काराचा वर्ग. चौदा मुलंमुली. तीन आठवड्यांनी धर्मप्रांताचे महागुरूस्वामी येणार, कपाळाला तेल लावून मुलांसाठी पवित्र आत्म्याचं दान मागणार. प्रश्नोत्तरं सगळ्यांना पाठ, पण नुसत्या पाठांतराने काय होतं? म्हणून काम दिलं : ज्याच्याकडे कुणी जात नाही, अशा एकाकडे या आठवड्यात जाऊन या. माझ्या मनात आजारी म्हातारे होते.

१६ फेब्रु., रविवार
बहुतेक जण आजी-आजोबांना भेटून आले. शेवटी मनीषा उठली. अकरावीत आहे, शहाद्याला कॉलेजला जाते. म्हणाली, "मी भुरीकाकीकडे गेले. तिच्या हातची भाकर खाल्ली."
शेजारच्या दोघी उठून मागच्या बाकावर गेल्या.
वर्गातला अँथनी : "आता हिला शेपूट फुटणार!"
"फुटलं तर त्यानेच तुझ्या तोंडावरच्या माश्या हाकलीन."
हसले सगळे. जवळ मात्र कुणी परत बसलं नाही.
भुरीकाकीला पाड्यावर डाकीण म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी शेजारचं लेकरू तापाने गेलं, तेव्हापासून. तिच्या हातचं कुणी खात नाही. मिस्सेला येते, दाराजवळ बसते, सगळ्यांच्या आधी निघून जाते. मीही तिच्या घरावरून जात नाही, नाल्याकडून वळसा घालतो. हे आज पहिल्यांदा लिहितोय.
पोरीने मी सांगितलं तेच केलं. मला मात्र सांगताना त्याचा अर्थ कळलाच नव्हता.

१८ फेब्रु., मंगळ.
मनीषा घरी आली. दृढीकरणाच्या यादीत, विधीच्या वेळी तिच्यामागे उभी राहणारी धर्ममाता म्हणून, मी माझ्या बायकोचं, मार्थाचं नाव लिहिलं होतं. तिला भुरीकाकी हवी.
"महागुरूस्वामी कपाळाला तेल लावतील तेव्हा काकीचा हात माझ्या खांद्यावर पाहिजे, मास्तर. सगळ्यांना दिसेल असा."
बघू, म्हटलं.
ती गेल्यावर मार्था : "शिकवता तुम्ही, आणि पोरीने ऐकलं की घाम तुम्हालाच फुटतो."

२० फेब्रु., गुरु.
फादर म्हणाले, "नियमाची अडचण नाही. नाव तुम्ही लिहा."
संध्याकाळी काकीकडे गेलो. सरळ रस्त्याने. अंगण नुकतंच सारवलेलं. कुणी येत नाही, तरी सारवते.
माफी मागायला शब्द जुळवून नेले होते. तीच आधी बोलली, "मला डाकीण ठरवायला पंच बसले त्या दिवशी तू पण होतास, बेटा. मी तुझ्याकडेच बघत होते. बोलशील म्हणून."
तेव्हा बोललो नव्हतो. अंगणातच खाली बसलो.
"पोरीला सांग, तिला लोक सोडणार नाहीत. मी दारापाशीच बरी." मग, "खांद्यावर कोणता हात ठेवतात? उजवा?"
घरी येऊन यादीत तिचं नाव लिहिलं.
ज्यांनी टाकलं त्यांच्यातच ही बाई अकरा वर्षं दर रविवारी येऊन बसली. आणि धर्म मी शिकवतो...

२८ फेब्रु., शुक्र.
मनीषाच्या भावाच्या बाळाला ताप. शहाद्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, सर्दीचा आहे. औषध दिलं. पाड्यावर कुजबुज सुरू झालीच.
मनीषाचा बाप, सायमनभाऊ, दारात आला. आत येईना. "मास्तर, डॉक्टरचं मला कळतं. पण उद्या बाळाला काही झालं तर? नाव काढा."
"मनीषा काय म्हणते?"
"म्हणते, बाळासाठी काकी प्रार्थना करतेय."
नाव काढलं नाही. काढणार नाही, असं तोंडावर म्हणालोही नाही.

२ मार्च, रविवार, सकाळ
मिस्सेला थोडाच वेळ आहे. चर्चच्या मागच्या खोलीत बसून लिहितोय.
भुरीकाकी आली. मनीषाने हात धरून तिला दुसऱ्या रांगेत बसवलं. बाकी रांग रिकामी. मग अँथनी जाऊन काकीच्या शेजारी बसला. बसताना क्रूसाची खूण केली, भीतीने की भक्तीने, देव जाणे. त्याच्यामागून आणखी दोघं. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पवित्र आत्म्याबद्दल इतकी वर्षं नुसता बोलत होतो.
सायमनभाऊ फाटकापाशी उभा. बाळ खांद्यावर. पहाटे उतरलेला ताप पुन्हा चढलाय. मी जवळ गेलो, आत चला म्हटलं.
"तुमचं लेकरू असतं तर, मास्तर?"
"काकीच्या शेजारी घेऊन बसलो असतो."
खरंच बसलो असतो का, माहीत नाही. पण बोललो.
महागुरूस्वामींची गाडी आली. ढोल वाजतायत. खिडकीतून दिसतंय, मनीषा पायरीवर येऊन बापाची वाट बघतेय. तो आत येत नाही. माघारीही जात नाही.